स्लायगोजवळ, किल्ली मागताना

थडग्याची किल्ली डिम्पनाच्या स्वयंपाकघरात असते,
चहाच्या डब्यामागे, खिळ्याला.
"गाईंचं फाटक लावून घ्या," एवढंच ती सांगते.
पाच हजार वर्षांबद्दल काही नाही.

शेण चुकवत टेकडी चढलो.
आत ओणवं होऊनच शिरावं लागतं.
दगडावर कोरलेलं वेटोळं
बोटाला गार, ओलसर,
आणि मध्येच सोडलेलं,
जेवायला हाक आली असावी तसं.

परतल्यावर विचारलं,
भर शेतात ते एकटं काटेरी झाड कशाला?
मालाखीचा ट्रॅक्टर त्याला वळसा घालतो,
तास तिथे वाकडे.

"विश्वास वगैरे नाही हो," किल्ली पुसत डिम्पना म्हणाली.
"सासऱ्यांनी एकदा फांदी तोडली होती.
एकच."

मग बराच वेळ ती
फाटक लावलंत ना, तेच विचारत राहिली.