शनिवारची भाकर

मुंग्या आधी दिसल्या, फादर जिजोंना.
मारियामातेच्या निळ्या झग्यावरून
पार तळहातापर्यंत गेलेली काळी रांग.
मग खाली ताटली,
ताटलीत ज्वारीची भाकर,
भाकरीवर बुक्कीनं फोडलेला कांदा.

मला बोलावणं आलं.
मी इथला धर्मशिक्षक, शाळेची घंटाही माझ्याकडेच.
सापन नदीच्या अलीकडची सव्वीस घरं माझ्या वहीत,
त्यात बारावं गुंफाबाई खंडारेचं.
फादर म्हणाले, ही काय वेशीवरची मरीमाय आहे?
केरळातून येऊन त्यांना सातच महिने झाले होते,
पण मरीमाय माहीत झाली होती.
मान वेगळा, पूजा वेगळी, म्हणाले,
समजावून सांगा तिला.

वाक्यं जुळवत निघालो.
संत्र्याच्या बागा ताणावर होत्या,
पानं चुरगळल्यासारखी, माती भेगाळलेली.
चालता चालता नागपूरच्या शिबिरातलं काहीबाही आठवलं:
इजिप्तच्या वाळूत सापडलेला पंज्याएवढा कागद,
ग्रीक अक्षरं, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या,
आणि त्यावर, हे देवमाते,
तुझ्या दयेच्या आडोशाला आलो आहोत.
कोणी लिहिलं, कोणाच्या भीतीनं, ठाऊक नाही.
आणि अरबस्तानातल्या त्या बाया,
चौरंगावर कापड अंथरून
मारियेपुढे पाव ठेवायच्या,
मग सगळ्याजणी वाटून खायच्या.
एक बिशप फार चिडला त्यांच्यावर.
रागारागात त्यानं सगळं लिहून ठेवलं,
कापड, चौरंग, पाव.
नावं मात्र एकीचंही नाही.
तो चिडला नसता
तर त्या आपल्यापर्यंत आल्याच नसत्या.

गुंफाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.
मी म्हणालो, मावशी, मारियामाता काही देवी नाही.
मले माहीत हाय, ती म्हणाली.
मग भाकर काहून?
तिनं एक किडकी शेंग बाजूला टाकली.

"शुक्करवारी पोरगं गेलं ना तिचं?
मंग शनवारी तिच्या घरी चूल पेटली असन का?"

मी गप्प.

"तुमच्या पुस्तकात शुक्करवार हाय, रविवार हाय.
शनवारचं कोनं काई लिवलंच नाई.
पन कोनी तरी बाई गेलीच असन
पदराखाली भाकर घेऊन.
कडू घास नेल्याबिगर राह्यते का शेजारपाजार?"

मग शेंगांकडे बघतच:
"सायमन विहिरीत गेला तवा
तीन दिस तुह्याच घरून आली भाकर.
तुही माय आनून ठेवे अन् न बोलता बसे.
मी खाल्ली नाई.
पन आली."

हे मला आठवत नव्हतं.
आठवला फक्त विहिरीवरचा थांबलेला रहाट
आणि लोकांचे पाय.
आईला जाऊन अकरा वर्षं झाली,
तिनंही कधी सांगितलं नाही.

"काई मांगत नाई मी तिले," गुंफाबाई म्हणाली,
"बसून येतो घडीभर."
आणि ओंजळभर शेंगा माझ्या रुमालात घातल्या.

जुळवलेली वाक्यं तशीच परत आणली.
फादरना सगळं सांगितलं, अडखळत,
वऱ्हाडीतलं काही त्यांना कळलं, काही नाही.
शनवार म्हणजे शनिवार का, एवढंच विचारलं.
मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.
त्या आठवड्यात प्रवचनात
ते पाणीपट्टीवरच बोलले.

पुढच्या शनिवारी घंटा देऊन आत गेलो.
ताटली होतीच.
पण ताटलीखाली एक पसरट स्टीलचं भांडं,
त्यात बोटभर पाणी,
मुंग्या काठाशी येऊन परत फिरणाऱ्या.
भांडं आमच्यापैकी कोणाच्या घरचं नव्हतं.
काठावर नाव कोरलेलं,
वेलीसारखी वळलेली मल्याळी अक्षरं.
गुंफाबाईनं त्यांवरून बोट फिरवलं,
मला विचारलं, काय लिवलं हाय?
मला वाचता येत नाही, मी म्हणालो.
बाईचं असन, ती म्हणाली,
आणि भाकर सरळ केली.