पेन्सिल

केळुसकर बाई,
काल तुमचं कपाट उघडलं.
बरण्या, फॉर्मॅलिनचा वास,
प्रत्येक चिठ्ठीवर पेन्सिलीचं अक्षर.
शाई पाण्याला फितूर होते, म्हणायचात.

मागच्या बरणीत एकच शिंपला :
‘भाट्ये खाडी. ओळख पटली नाही. घाई नको.’
तारीख पाहिली. तेव्हा मी
नावं ठोकून देण्यात पटाईत होते.

आज ओहोटीला एकटीच उतरले चिखलात.
तीच लाकडी चौकट,
कोपरा सुतळीने बांधलेला.
तुम्ही वाकून आकडे सांगायचात, मी लिहायची.
पुढे मी विभागप्रमुख झाले,
तरी लिहायची मीच.
आता दोन्ही हात कोपरापर्यंत काळे
आणि वही काखेत.

तिसऱ्या काढता काढता सुगंधीने विचारलं,
“मोठी बाय नाय आली?”
मी मान हलवली.
ती बराच वेळ खाडीच्या तोंडाकडे बघत राहिली.
मग पदराला हात पुसून म्हणाली,
“दे हिकडं वही. आकडं येतात मला.
तिनंच शिकवलंन.”

मी चौकट टाकली, वाकले, मोजलं.
“सतरा.”
सुगंधीने पेन्सिल टेकवली नाही.
“परत मोज,” म्हणाली.