अयोग्य

पारसिकच्या उतारावर, कळव्याच्या अंगाला,
घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन चढलीत.
त्यांच्यामधून गटार उतरतं
आणि गटारातून पाइप चढतात,
अर्धा इंची, पाऊण इंची, कुठे सायकलच्या ट्यूबनं बांधलेले.

पाणी येतं पहाटे चार ते पावणेसहा.
उरलेला दिवस पाइप रिकामा,
आणि रिकाम्या पाइपाला तहान लागते.
आमच्या पुस्तकात तिला ऋण दाब म्हणतात.
फाटक्या सांध्यातून तो मिळेल ते ओढून घेतो,
खरकटं, लंगोटांचं धुवण,
कुणाच्या तरी कालच्या जुलाबाचं पाणी,
आणि पहाटे पहिल्या धारेबरोबर
सगळं परत करतो. नितळ.

मी नमुने घेते. एवढंच माझं काम.
कौसाबाई वाघचौरेंच्या मोरीत
काचनळीत पाणी धरलं, औषधाचे थेंब टाकले.
क्लोरिन असतं तर पिवळं झालं असतं.
झालं नाही.
छोट्या बाटलीत खुणेपर्यंत भरलं, बूच लावलं,
चोवीस तासांत काळी पडली तर समजायचं.

तेवढ्यात त्यांनी पेला पुढे केला.
घासून लख्ख, वर थेंब लोंबणारा.
चढून आले होते, घसा कोरडा होता.
म्हटलं, नको, आत्ताच प्यायले.
"बाटलीत घेतलं तेच हाय, ताई."
मी पेला ओट्यावर ठेवला.
त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं,
सावकाश, आडनावापर्यंत.
मग पेला उचलून पाणी तुळशीत नाही,
मोरीतही नाही,
सुमेधला दिलं.
तो पाटीवर अ गिरवत होता,
त्यानं एका दमात पेला रिकामा केला.

खाली उतरताना मनात म्हणत होते,
तसं नव्हतं, कौसाबाई, तसं नव्हतंच.

प्रयोगशाळेत काचेखाली
पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा दिसतो,
विषमज्वराचा तुटक्या काडीसारखा.
काविळीचा आमच्या यंत्राला दिसतही नाही.
ते आडनाव वाचत नाहीत.
पाइप मात्र वाचत असावेत,
नाहीतर इतके वळसे घालून
नेमके इथंच का फुटतात?

दुसऱ्या दिवशी बाटली काळी.
नुसती काळी नाही, तव्याच्या बुडासारखी.
ती पर्समध्ये घालून मी चढ चढले.
हे दाखवायचं, म्हणजे त्यांना कळेल.

दाराला कडी होती.
कळव्याच्या हॉस्पिटलात सुमेध
दोन सलाइनांच्या मध्ये,
बोटांची कातडी धोब्याच्या बोटांसारखी.
मी बाटली काढली. हे कारण, म्हटलं. पेल्याचं.
कौसाबाईंनी ती उजेडात धरली.
"म्हंजी काल ठावं व्हतं तुमाला."
शंका होती, म्हटलं. अहवाल यायचा होता.
"पेला खाली ठिवाया न्हाई लागला अव्हाल?"

मी नोंदवहीत लिहिलं: पिण्यास अयोग्य.
त्यातला अ मला जमेना,
दोनदा खोडला.

हरेश भोईरनं तिसऱ्या दिवशी खणलं.
सांधा सापडला गटाराच्या तळाशी,
उघडा, माशाच्या तोंडासारखा.
नवा पाइप आला, वरून गेला.
सुमेध घरी आला, किलोभर हलका होऊन.
शेजारच्या गल्लीतली बाई आली नाही.
तिच्या घरचा नमुना मी घेतलाच नव्हता.

पुढच्या आठवड्यात पहाटे पुन्हा गेले.
थेंब टाकले. नळीतलं पाणी
हळदीचा हात लागावा तसं पिवळं झालं.
चांगलंय आता, म्हटलं, पिऊ शकता.
कौसाबाई हंडा भरत होत्या.
हंडा भरला, त्यांनी कळशी लावली.
कळशी भरली.
पेला ओट्यावरच होता, पालथा.
मी थोडा वेळ उभी राहिले,
बूच घट्ट करत,
उगाचच.