रकाना अकरा

पाणवठ्याच्या सिमेंटच्या काठावर
मान टेकून पडली होती चिंकारा मादी,
पाणी पिता पिता काही आठवावं तशी.
नाकाशी वाळलेला शेंबूड, डोळ्यांत चिपडं,
मागचे पाय घाण.
वनरक्षक शिंगटे रुमालातून म्हणाले,
"चौथी, मॅडम. मेंढरांनी आणलंय.
लिहा तसं."

मी बोळा फिरवला, नळीत टाकला.
नळी बर्फात.

सुप्याच्या पुढचा हा माळ
नकाशावर हिरवा, जमिनीवर जेमतेम पिवळा.
कुसळी, पवन्या, कुठं कुठं मारवेल.
मधे खात्याने लावलेली गिरिपुष्पाची रांग,
जिला हरीण तोंड लावत नाही, मेंढरूही नाही.
पश्चिमेला पुण्याच्या माणसांचे प्लॉट:
तारेचं कुंपण, आत वाळलेलं नारळाचं रोप
आणि पाटी, 'निसर्गाच्या कुशीत'.
एवढं वजा जाता जे उरतं
त्यावर दोघांची तोंडं.

मायाप्पा देवकात्यांचा वाडा चरापलीकडे उतरला होता.
वाडा म्हणजे एक घोडी,
घोडीवर बिऱ्हाड,
बिऱ्हाडावर पाय बांधलेली कोंबडी,
दोनशेच्या आत-बाहेर मेंढरं.
ठकूबाईंनी न विचारता शेळीच्या दुधाचा चहा दिला.
मायाप्पांनी फेट्यातून पावती काढली.
"पाणी पाजल्याचा दंड. भरलाय."
मग पालामागं नेऊन पोतं उचललं.
सात कोकरं. माश्या.
"आमी त्यांना दिलं का त्यांनी आमाला,
ते पाण्याला इचारा."

आणखी एक नळी. त्याच बर्फात,
पहिलीला चिकटून.

औंधहून उत्तर आलं:
दोन्हींत एकच रोग.
आधी कोण, ते नळी सांगत नाही.
अर्ज मात्र विचारतो.
रकाना अकरा: संसर्गाचा स्रोत.
शिंगट्यांचा फोन,
"चराईबंदीचा प्रस्ताव तयार आहे, मॅडम.
तुमचा एक शब्द राहिलाय."

मी लसीकरणाची वही काढली.
माझंच अक्षर:
कार्तिक. चौदा गावं. मेंढ्या, शंभर टक्के.
कार्तिकात मायाप्पा वरंधा उतरून कोकणात,
कुणाच्या तरी भाताच्या खाचरात
रात्रभर मेंढरं बसवत होते, पायलीभर तांदळावर.
लस गावाच्या नावानं येते.
वाड्याला गाव नसतं.
जी दारात होती त्यांचे शंभर टक्के,
आणि खाली माझी सही, वळणदार.

रकान्यात लिहिलं, 'आमचं कॅलेंडर'.
खोडलं.
'अज्ञात' लिहिलं. ते तर त्याहून खोटं.
शेवटी वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली
आणि लिहिलं, 'सोबतचे पान पाहावे'.

कोणी पाहिलं, माहीत नाही.
बंदी आली ती आलीच.
मला एक 'कारणे दाखवा'.

घटस्थापनेच्या आदल्या रात्री
चराच्या अलीकडे, म्हणजे बंदीच्या बाहेर,
त्यांनी वाघर लावली होती.
ठकूबाई मेंढरू धरत, मी टोचत,
मायाप्पा कपाळाला गेरूचा टिळा ओढत.
गेरू संपला तेव्हा हळद.
मधे एकदा सुई माझ्याच अंगठ्यात गेली
आणि ठकूबाई म्हणाल्या,
"आता तुमी बी वाड्यातल्या."

मोजायला बॅटरी फिरवली.
वाघरीत हिरवे डोळे, खालीवर, ढुसण्या देत.
एकशे एक्क्याऐंशी.
आणि चरापलीकडे, जरा उंचावर,
न हलणारे आणखी चार.

"त्यांचं काय?" ठकूबाईंनी विचारलं.
"धरून द्या, टोचते."
त्या हसल्या, खोकल्यागत.
मी बॅटरी खाली केली.
अंधारात कुसळी करकरली,
पाणवठ्याच्या बाजूला.