सातव्या नंबरावर

अजब बंगल्यात, भुसा भरलेल्या वाघाच्या पलीकडच्या दालनात
दोन महिने अमेरिका होती.
काळ्या माणसांचं बेसबॉल. फोटो, टोप्या, एक बसचं तिकीट,
आणि कापसाच्या गादीवर निजवलेला चामड्याचा हातमोजा.

मराठी पाट्या मी लिहिल्या. पाटीमागे साठ रुपये.
पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, इथवर ठीक होतं.
मग तो शब्द आला, ज्यानं त्यांची लीगच निराळी केली होती.
'विभक्त' लिहिलं. पण विभक्त तर कुटुंब होतं,
राजीखुशीनं चूल हलवतं.
'पृथक' लिहिलं, तर प्रयोगशाळेचा वास आला.
शेवटी पैकूमामाला फोन लावला.
"मॅच एक, मैदान एक, पाण्याचे माठ दोन.
याले काय म्हणतेत ते लिव."
मी लिहिलं, 'वेगळे पाडलेले'.
साहेबांनी 'पाडलेले' खोडलं.
मी पुन्हा लिहिलं.

एप्रिलात मामाला घेऊन आले, इंदोऱ्याहून, ऑटोनं.
वय सत्त्याऐंशी, गुडघ्याला पट्टा, डोक्यावर ओला दुपट्टा.
मिलच्या टीमचा विकेटकीपर होता हा.
मिलच्या म्हणजे कताई खात्याच्या.
विणाईत धागा तोंडानं ओढावा लागे,
तिथं आमच्या तोंडांना जागा नव्हती.

फोटोंपुढून मामा भरभर गेला.
"टीमचा फोटो कुठलाही घे,
खुर्चीवर बसला तो मालक."

मोज्यापाशी मात्र थांबला. वाकला.
काचेवर बोट टेकवून म्हणाला,
"याचं मधलं बोट मोडलं होतं. दोनदा तरी.
पाय ना, बाजूचं चामडं कसं झिजलं.
दुखत्या बोटाले माणूस वाचवते,
चेंडू शेजारच्यावर घेते."
पाटीवर यातलं काहीच नव्हतं.
पाटी मीच लिहिली होती.

"काचेला हात लावू नका, काका," पहारेकरी म्हणाला.
मामानं बोट काढून घेतलं.
"अजून?" म्हणाला, आणि हसला.
पोरगा नवा होता, गोंडपिपरीकडचा.
"सहा वाजेपर्यंत, काका," तो म्हणाला.

दाराशी रजिस्टर. नाव, गाव, अभिप्राय.
मामानं खुर्ची मागवली,
आणि अभिप्रायाच्या रकान्यात लिहायला लागला
कताई विरुद्ध विणाई, अठ्ठावन साल:
बकाराम ३१. झिबल ०. डोमा नगरारे ४४.
एका ओळीखाली एक, जपून,
जसं गोदामाच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं होतं
दिवाळीचा चुना लागेपर्यंत.
पैकू ९, नाबाद, असंही लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.
सातव्या नंबरावर कोण, ते आठवेना.
मागे लोक खोळंबले. एक बाई घड्याळ पाहू लागली.
मामानं रेघ मोकळी ठेवली,
शेवटी फक्त २७ लिहिलं.
"धावा आठवतेत, माणूस नाही आठवत," ऑटोत एवढंच.
मग कडबी चौकापर्यंत काही नाही.

रात्री पावणेदोनला फोन.
"उद्रू. उद्रू सोमकुवर. डावखुरा होता.
लिहून टाक उद्या."
मी काही म्हणायच्या आत ठेवला.

दुपारी पोचले तोवर त्या मोकळ्या रेघेत
कुणीतरी पेन्सिलीनं लिहून गेलं होतं:
छान आहे. पंखे बंद होते.
आणि त्यापुढे मामाच्या अक्षरात, २७.

पर्समध्ये खोडरबर होतं. काढलं, परत ठेवलं.
पंखे खरंच बंद होते.
उद्रूला समासात लिहिलं, लाल रेघेच्या अलीकडे,
आणि तिथून सत्तावीसपर्यंत एक बाण काढला,
पंख्यांना वळसा घालून.
बाण जरा लांब झाला.