शून्याच्या पोटातला ठिपका

कुताइसी शहर, रिओनी नदी, जलमापन कचेरी,
तिसरा मजला, रात्रीचे पावणेतीन.
लामारा चाळिशी कपाळावर चढवते, पुन्हा नाकावर आणते,
मग काचेला नाक लागेल इतकी पुढे वाकते.
हा आठ की शून्य?

तिथला आठ म्हणजे
कमरेला दोरी आवळलेलं शून्य.
दोरी दिसली नाही की झालं.

दर दहा मिनिटांनी वरच्या गावांतून,
पुलांखाली बांधलेल्या पत्र्याच्या डब्यांतून
एक ओळ येते: ठिकाण, वेळ, पाण्याची उंची.
तीनशे म्हणजे कॉफी ठेवायची.
तीनशे ऐंशी म्हणजे काठावरच्या घरांना फोन.

गेल्या मंगळवारी तिने कॉफी ठेवली.

कुणी मेलं नाही. हे ती स्वतःला रोज सांगते,
दात घासताना, जिना चढताना.
ओतियाच्या मधाच्या पेट्या गेल्या, चार,
निळ्या रंगवलेल्या, एकीचं झाकण विटेने दाबलेलं.
तो आला होता कचेरीत. ओरडला नाही.
टोपी गुडघ्यावर ठेवून बसला, म्हणाला,
यंदा नदीने सांगितलंच नाही.

नदीने सांगितलं होतं.

हा फॉन्ट वाखोने बसवला, दिवसपाळीच्या पोराने:
सुईने कोरल्यासारखा, नऊ पॉइंट.
एका नजरेत साठ ओळी मावतात, म्हणाला.
त्याचे डोळे चोवीस वर्षांचे.

आज ती सेटिंग उघडते,
दबकत, जणू अक्षरं हलवली की खडखडाट होईल.
पहिला बुटका, पोट सुटलेला. नको.
दुसऱ्यात एकचा आकडा आणि एल जुळे भाऊ,
शाळेत एकमेकांची हजेरी लावणारे. नको.
तिसऱ्यात मात्र शून्याच्या पोटात ठिपका!
बुबुळासारखा. शून्य तिच्याकडे बघतंय.
आठ वेगळा, ठसठशीत, दोन मजली.
ती खुर्चीत मागे टेकते, हसतेसुद्धा,
आणि मग नजर डावीकडे जाते.

या फॉन्टला तिची लिपी येत नाही.
गावांची नावं गेली. फोनच्या यादीतली माणसं गेली.
तिच्या नावाच्या जागी सहा रिकाम्या चौकटी,
ओतियाच्या नावाच्या जागी
चार.

ती बराच वेळ त्या चारांकडे बघते.
खिडकीखाली नदी, काळ्यावर काळी.

सव्वातीनला सापडतो एक,
साधा, कुणी कौतुक करणार नाही असा.
शून्यात ठिपका, आणि ओतिया पुन्हा ओतिया.
सोळा पॉइंट. आता पडद्यावर बावीसच ओळी,
रात्र आखूड झाल्यासारखी.
ती मागे मागे जाते, मंगळवारपर्यंत.
तीनशे ऐंशी.
दहा मिनिटांनी तीनशे अठ्ठ्याऐंशी.
काळ्यावर पांढरं, स्वच्छ, तेव्हापासून तसंच.

खण ओढून ती कागदी नोंदवही काढते.
तिथे पांढऱ्यावर काळं केलेलं:
तीनशे, सगळं शांत, खाली तिची सही,
शाळेत बक्षीस मिळालेल्या त्या वळणदार अक्षरात.
इथे सेटिंग नाही.

आठला वाखो येतो, हेल्मेट काखेत,
पडदा बघून दारातच थबकतो.
काय हे, लामारा मावशी, रस्त्यावरची पाटी लावलीस?
खुर्ची ओढ, ती म्हणते. बस.
नोंदवही उघडी, पेनचं टोपण काढलेलं.
तो हेल्मेट कुठे ठेवावं ते शोधतो, ठेवत नाही.
पडद्यावर खालून एक नवी ओळ वर सरकते,
एकशे सत्तर,
आणि दोघंही ती वाचतात.