मागच्या रविवारचा मी

मानशीपाशी खडूची रेघ शनिवारीच ओढून ठेवतो.
सव्वासहाची फेरीबोट दिवाडीला लागते
आणि उतरतात सायकली:
कीर्तेशची, बोटावर तोलावी इतकी हलकी;
पास्कोलबाबची, कॅरिअरला अजून मासळीचा वास;
नववीतल्या सुलक्षाची, सीट वर करून करून संपलेली.

मिनिटामिनिटानं एकेकाला सोडतो.
खाजनाच्या बांधावरून पांढऱ्या खुरसापर्यंत,
वळसा, परत.
कुणाची कुणाशी शर्यत नाही.
ज्यानं त्यानं मागच्या रविवारच्या
स्वतःला गाठायचं.

आज उर्सुलाबाई येईनात.
सगळ्यांचा चहा झाला, दुसरा झाला.
घड्याळ मी थांबवलं नाही.

मग दिसल्या. सायकल हातानं ढकलत,
चेन उतरलेली, बोटं काळी.
रेघेच्या अलीकडे थांबल्या,
पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं,
सीटवर बसल्या
आणि जमिनीला पाय मारत मारत रेघ ओलांडली.

"किती?"
"एक तास चार."
"म्हशी आडव्या आल्या. तीन मिनिटं वजा कर."
"रस्ता म्हशींचाच, बाई."

वही ओढून घेतली त्यांनी, खात्री करायला.
पुढच्या रविवारच्या कोऱ्या पानावर
वंगणाचं बोट उमटलं.
खोडलं नाही.
त्याच्यापुढेच नाव लिहिलं त्यांचं.